स्वतःची ओव्हर

माझ्या नाकावर राग असतो, हे कबूल करूनच सुरुवात केलेली बरी. आई म्हणायची, ही पोरगी इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटवर एकदा ओरडेल, मग सुई टोचल्याचं त्याला कळायचंसुद्धा नाही. आईचं फारसं चुकलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी उल्हासनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स म्हणून लागले. दुमजली इमारत, खाली कॅज्युअल्टी आणि बायकांचा वॉर्ड, वर पुरुषांचा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर. घर अंबरनाथ पश्चिमेला. वडील एका कारखान्यात ऑफिसर, आणि त्यांचं मत होतं की मुलीने पंख्याखाली बसून करायची नोकरी धरावी. त्यांच्या कारखान्यात टायपिस्टची जागा अधूनमधून रिकामी व्हायची आणि झाली की आमच्या जेवणात तो विषय वाढला जायचा. मी हट्टाने नर्स झाले होते आणि हट्टानेच टिकून होते.

आमच्या इन्चार्ज सिस्टर बुवापाड्यात राहायच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज कधी चढला नाही अशा. त्यांच्या घरच्यांनी धम्म घेतला त्याच वर्षी वडिलांनी त्यांना शाळेत घातलं, हे त्या अभिमानाने सांगायच्या. बाकी स्वतःबद्दल फार बोलत नसत. मी तापले की त्या शांतपणे म्हणायच्या, "झालं? आता बेड सातचं सलाईन बघ."

ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका बेडची माहिती देते, त्या देण्याला आम्ही ओव्हर म्हणतो. बेड चार, ताप उतरला, सलाईन चालू, पहाटे एक उलटी. येणारीने ऐकायचं, शंका विचारायची आणि शेवटी "घेतली" म्हणायचं. घेतली म्हटलं की तो पेशंट तिचा. जाणारीने पर्स उचलायची आणि घरी जायचं.

इन्चार्जबाईंनी यात स्वतःची एक भर घातली होती. ड्युटी जड गेली, म्हणजे मोठा अपघात, आग, गॅस्ट्रोची साथ असलं काही झालं, की कुणी तडक घरी जायचं नाही. ड्रेसिंग रूममध्ये टेबलाभोवती बसून दुसऱ्या दिवशीच्या गॉजच्या घड्या घालायच्या आणि घड्या घालता घालता स्वतःची ओव्हर द्यायची. आपण म्हणजे जणू एक बेड. "पेशंट शुद्धीवर. सकाळपासून दोन चहा, जेवण नाही. एकदा रडली, बाथरूममध्ये. तक्रार अशी की त्या बाईचा आवाज कानातून जात नाही." शेजारी बसलेलीने मधे बोलायचं नाही. समजूत घालायची नाही, उपदेश तर अजिबात नाही. शेवटी फक्त विचारायचं, "अजून काही?" आणि मग म्हणायचं, "घेतली." दुसऱ्या दिवशी मात्र घेणारीने आपण होऊन चौकशी करायची, मग देणारी घरी असो की ड्युटीवर.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एका वर्षी नदीला पूर आला, तेव्हा त्यांनी सलग काही दिवस ड्युटी केली आणि घरी गेल्यावर कुणाशी बोलल्याच नाहीत. स्वयंपाक केला, भांडी घासली, पोरींच्या वेण्या घातल्या, सगळं मुक्याने. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "तू अजून घरी आलेलीच नाहीस." तो कारखान्यात मशीनवर काम करणारा माणूस, त्याने हे एक वाक्य बोलून डबा उचलला आणि पाळीला गेला. बाई म्हणायच्या, तेव्हा कळलं, चाळीस पेशंटची ओव्हर दिली, एक राहून गेला.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. माझी ओव्हर ठरलेली. "पेशंट ठणठणीत, भूक लागलीय, रिक्षा मिळणार नाही." सगळ्या हसायच्या. माझ्या शेजारी बहुतेक वेळा बदलापूरच्या बेलवलीची माझी मैत्रीण बसायची. आम्ही दोघी एकाच महिन्यात लागलो होतो. ती माझी असली ओव्हरसुद्धा गंभीर चेहऱ्याने घ्यायची. एकदा तर आमचे तरुण डॉक्टर टेबलाशी येऊन बसले, दोन घड्या वाकड्या घातल्या आणि म्हणाले, "पेशंटला डॉक्टर व्हायचं नव्हतं." बाईंनी त्यांचीही घेतली. ते दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला शिट्टी वाजवत आले. खोटं कशाला सांगू, त्या टेबलावर मजाही पुष्कळ यायची.

मग तो दिवस आला. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. सकाळचे दहा वाजले असतील, आणि आमच्यापासून फार लांब नसलेल्या एका इमारतीचा वरचा स्लॅब कोसळला. तो खालच्यावर, तो आणखी खालच्यावर. अर्ध्या तासात आमच्या दारात हातगाड्या, रिक्षा, कापडाचे टेम्पो यांची रांग लागली. दुकानदारांनी आपल्या दुकानातल्या कोऱ्या चादरी फाडून दिल्या, सिंधी बायका पाण्याचे हंडे घेऊन उभ्या राहिल्या. मी सकाळच्या पाळीला, कॅज्युअल्टीच्या रजिस्टरवर. येईल त्याचं नाव, वय, इजा लिहायची आणि आत पाठवायचं.

ज्याने ते पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही, पण आत येणारं प्रत्येक माणूस एकाच रंगाचं होतं. सिमेंटचा, चुन्याचा रंग. कपडे, चेहरा, पापण्या, सगळं पांढुरकं. एका बाईला दोघांनी फळीवरून आणलं. बेशुद्ध, पाय मोडलेला, सोबत कुणी नाही. केस पांढरे, चेहऱ्यावर सुरकुत्यांसारख्या रेघा. मी लिहिलं, अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ. मागे पुढची फळी आलीच होती.

दुपारी बाराच्या सुमाराला एक माणूस आला. सिंधी, जीन्सची बटणं आणि चेन विकायचं छोटं दुकान असलेला, हे नंतर कळलं. तेव्हा दिसला तो घामाने भिजलेला आणि एका पायात चप्पल नसलेला. म्हणाला, "मेरी घरवाली. बत्तीस साल की है. हरा सूट पहना था." मी रजिस्टरवरून बोट फिरवलं. बत्तीसची कुणी नव्हती. हिरवं तर त्या दिवशी जगात काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "नहीं है. दूसरा हॉस्पिटल देखो." तो तिथेच उभा राहिला. "सिस्टर, एक बार फिर देखो ना." आणि मी, माझा स्वभाव, ताडकन म्हटलं, "एक बार बोला ना, नहीं है." तो गेला.

त्याची बायको माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर, बायकांच्या वॉर्डात, बेड नऊवर होती.

हे कळलं संध्याकाळी. माझी पाळी कधीच संपली होती, पण त्या दिवशी घरी कोण जाणार? बेलवलीची मैत्रीण वॉर्डात एकेकीचं अंग पुसत होती. ती हातात ओला टॉवेल घेऊन कॅज्युअल्टीत आली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं, तुझी म्हातारी बत्तीस वर्षांची निघाली! केस काळेभोर आहेत, नखांना लाल पॉलिश. शुद्धीवर आलीय आणि नवऱ्याला बोलवा म्हणतेय." सकाळपासून पहिल्यांदा सगळे हसले. डॉक्टर हसले, मावशी हसल्या, फळी धरून उभा असलेला वॉर्डबॉय हसला. हसण्यासारखंच होतं ते. माझं बोट मात्र रजिस्टरातल्या त्या साठवर गेलं.

नवऱ्याला शोधायला माणूस पाठवायचा तर कुठे? पण अंधार पडायच्या आत तोच परत आला. सगळीकडे बघून झालं होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तो फाटकातून येताना मला दिसला आणि मी काय केलं? मी औषधांच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. दारापलीकडून मैत्रिणीचा आवाज आला, "चलो, चलो, जिंदा है, अंदर है," आणि मग एक असा आवाज, ज्याला रडणं म्हणायचं की हसणं ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी टेबलावर सगळ्यांनी स्वतःची ओव्हर दिली. माझी पाळी आली. मी म्हटलं, "पेशंट ठणठणीत." कुणी हसलं नाही. मैत्रीण म्हणाली, "अजून काही?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "घेतली."

घरी गेल्यावर मी राजीनामा लिहिला. चार ओळींचा, घरगुती कारणाने वगैरे. मनात दुसरंच चाललं होतं. मी माणसाला उभं करून, रागावून, त्याच्या जिवंत बायकोपासून हाकलून दिलं होतं. चूक एक वेळ ठीक, धुळीत कुणाचीही झाली असती. पण तो फिरून बघा म्हणत होता आणि मी उठले नव्हते. असल्या बाईने टाइपच करावं. तिथे फार तर कागद फुकट जातो. वडिलांना मी सकाळी म्हटलं, तुमच्याकडची जागा अजून आहे का बघा. ते इतके खूश झाले की मला आणखी वाईट वाटलं.

त्याच दिवशी, दुपारच्या ड्युटीला जायच्या आधी, बेलवलीची मैत्रीण आमच्या घरी आली. आई गवार निवडत होती, हिने निम्मी गवार आपल्या पुढ्यात ओढली. आई चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाली, "तुझी कालची ओव्हर खोटी होती."

मी म्हटलं, "मग घेतलीस कशाला?"

"दिलीस म्हणून घेतली. आता ती माझ्याकडे आहे. आणि मला काल झोप लागली नाही. तू खरी दे, नाहीतर ही परत घे."

भांडायला मी केव्हाही तयार असते, पण असल्या बोलण्याशी भांडायचं कसं? मी सांगितलं. साठ लिहिलं ते सगळ्यांना ठाऊकच होतं. तो दुपारी आला होता आणि मी त्याच्यावर ओरडले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. कडी लावून बसले, हेही. गवारीच्या शिरा काढता काढता तिने सगळं ऐकलं. "अजून काही?" मी पर्समधून राजीनामा काढून दाखवला. तिने तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "घेतली. पण हा कागद माझ्याकडे देऊ नकोस. हा बाईंना दे."

तिने घेतल्यावर मी पोटभर जेवले, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले. इन्चार्जबाई ड्रेसिंग रूममध्ये एकट्याच घड्या घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. गॉजची एक घडी घातली, दुसरी घातली. मग म्हणाल्या, "बस. माझी ओव्हर घे."

मी लागल्यापासून बाईंनी स्वतःची ओव्हर दिलेली मी ऐकली नव्हती. त्या सगळ्यांची घ्यायच्या. त्यांची कोण घेतं, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही कधी पडला नव्हता.

"पेशंट शुद्धीवर," त्या म्हणाल्या. "जेवण कमी. परवापासून नवऱ्याशी बोलली नाही. तक्रार अशी आहे. परवा तीन वाजता तू थिएटरमध्ये गॉजचा ड्रम घेऊन गेली होतीस आणि रजिस्टरवर मी बसले होते. तेव्हा तो दुसऱ्यांदा आला. बत्तीस वर्षं, हिरवा सूट. मी तू लिहिलेल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि नाही म्हटलं. गोड आवाजात म्हटलं, पाणीही दिलं. पण उठून वॉर्डात गेले नाही. धुळीने सगळ्यांचे केस पांढरे झालेत, हे मला दिसत होतं. वीस वर्षं नोकरी झालीय माझी. तू नवीन आहेस, मी नाही."

मला खूप बोलायचं होतं. त्यात तुमचं काय, चूक माझी, अक्षर माझं. पण नियम त्यांचाच होता आणि मधे बोलायचं नव्हतं. मी विचारलं, "अजून काही?"

"तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू गप्प बसलीस म्हणून मीही बसले. इन्चार्जने कुणाला सांगायचं, असं वाटलं."

"घेतली," मी म्हटलं. बाईंनी पदराने डोळे पुसले, आणि त्यांच्याबद्दल मला जे वाटलं ते प्रेमच होतं, दुसरा शब्द नाही. राजीनाम्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. उठल्या आणि म्हणाल्या, "चल. आपल्या आपल्यात देऊन झालं. तो माणूस आत बसलाय."

बेड नऊवर ती बसली होती. पायाला प्लास्टर, केस धुऊन वेणी घातलेली. नवरा स्टुलावर बसून तिला संत्र्याच्या फोडी सोलून देत होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. रजिस्टरमध्ये मी चुकीचं लिहिलं, साठ लिहिलं, म्हणून तुम्हाला नाही म्हटलं, दोनदा.

आधी बायकोच बोलली. "साठ? मेरे को साठ लिखा?" तिने नवऱ्याकडे वळून पाहिलं. त्याच्याकडून तिला काहीतरी हवं होतं, निदान नाही गं, तू कुठे साठची दिसतेस एवढं तरी. पण तो माझ्याकडे बघत होता.

"मालूम है," तो म्हणाला. त्याने बेडच्या पायथ्याशी अडकवलेल्या केसपेपरकडे बोट केलं. त्यावर साठ खोडून बत्तीस केलेलं होतं. "उसी दिन देखा."

बाई म्हणाल्या, "फिर बोले क्यों नहीं? झगडा करना था."

"किससे करता? आप लोग सुबह से खडी थीं. पानी पीने का टाइम नहीं था आपको." त्याने हातातली फोड परत सालीवर ठेवली. "और इसको क्या बोलता, मैं कहाँ-कहाँ देखके आया."

तो दुसऱ्या हॉस्पिटलांत जाऊन आला होता, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या हॉस्पिटलांत कुठल्या कुठल्या खोल्या असतात हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दोघींपैकी एकीनेही त्याला काही विचारलं नव्हतं. आम्हाला आमचं टेबल होतं. त्याला नव्हतं.

मी शेजारच्या बेडचं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. "अब बोलो," मी म्हटलं. "हम बीच में नहीं बोलेंगे."

तो बोलला. दुकानातून पळत आला तिथपासून. ढिगाऱ्यावर त्याने कुणाकुणाला हाका मारल्या, रिक्षावाल्याने कसे पैसे घेतले नाहीत, आणि मग ती थंड खोली, जिथे त्याने स्वतःच्या हाताने चादरी वर केल्या. एक, मग दुसरी. दर वेळी ती नाही म्हणून आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची शरम वाटायची. बायकोने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने त्याची बाही धरून ठेवली. बाई उभ्या होत्या, मी बसले होते, आणि आम्ही खरोखर मधे बोललो नाही.

तो थांबला तेव्हा मी विचारलं, "और कुछ?"

तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "आपने बोला था ना, एक बार बोला ना नहीं है. चादर उठाते टाइम वही आवाज कान में था. बहोत बुरा लगा, सिस्टर."

मला कुणी असं तोंडावर बोललं की माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "लिया."

त्याने मान हलवली, संत्र्याची फोड उचलली आणि बायकोच्या हातात दिली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "और मेरा साठ?" मी म्हटलं, "वो भी लिया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ड्युटीवर होते. कॅज्युअल्टीत जायच्या आधी बेड नऊकडे गेले आणि त्याला विचारलं, झोप लागली का.